छेज आणि भगत : उल्हासनगरातल्या दोन नाचांची शिकवण

छेज हा सिंधी पुरुषांचा गोलात नाचायचा दांडक्यांचा नाच. लग्न, चेटीचंड आणि झुलेलालाची मिरवणूक हे त्याचे प्रसंग. भगत हा गाणे, कथन आणि नाच यांचा रात्रभर चालणारा खेळ. तो सादर करणाऱ्यालाही भगतच म्हणतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांबरोबर हे दोन्ही प्रकार कल्याणच्या छावणीत आले, म्हणजे आजच्या उल्हासनगरात. भगताला गुरू लागत असे. छेजेला तो कधी लागलाच नाही. पुढच्या पंचाहत्तर वर्षांत दोघांचे जे झाले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.

छेजेला सामग्री थोडी लागते. नाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक आखूड दांडके असते आणि मधोमध किंवा कडेला वाजवणारे उभे असतात. सिंधमध्ये वाद्ये ठरलेली होती : गळ्यात अडकवायचा दोन तोंडी दुहल आणि सनईच्याच जातीची शरनाई. माणसे रिंगण धरून पुढे सरकत राहतात. दांडके एकदा पुढच्याच्या दांडक्यावर आपटायचे, मग अंगाला वळसा देऊन मागच्याच्या. सुरुवातीला लय इतकी संथ असते की म्हातारेही सहज सामील होतात. हळूहळू ढोल चढत जातो, पावले तोकडी होतात, वळसे झटपट पडू लागतात आणि ज्याचा दम संपतो तो आपोआप रिंगणाबाहेर येतो. गुजरातच्या दांडिया रासाशी छेजेचे नाते उघड दिसते. सिंध, कच्छ आणि सौराष्ट्र हा प्रदेश एकमेकांना लागून असल्याने त्यात नवल नाही.

छेज शिकवण्यासाठी वर्ग नव्हता, की मुहूर्त आणि गुरुदक्षिणाही नव्हती. मुलगा आधी कडेला उभा राहून पाही, मग बापाच्या किंवा काकाच्या मागे रिंगणात शिरे. ठोका चुकला की शेजाऱ्याचे दांडके बोटांवर बसे, आणि पुढच्या फेरीत हात सावध होई. लय शिकवण्याचे काम वाजवणारा करी. कधी वेग वाढवायचा, कधी थोपवायचा, थकलेल्या रिंगणाला कधी उसंत द्यायची, हे तोच ठरवी. तोंडाने एक शब्दही न बोलता तो सगळ्यांना एका तालात आणत असे. हे वाजवणारे बहुधा मंगणहार, म्हणजे पिढीजात वाजंत्री असलेले मुसलमान असत आणि हिंदूंच्या लग्नांतही त्यांचाच मान असे.

भगताची रीत वेगळी होती. मोकळ्या जागी सतरंज्या अंथरल्या जात. पायघोळ जामा, डोक्याला पगडी आणि पायांत घुंगरू अशा वेशात भगत उभा राही. साथीला एक-दोन गाणारे असत, जोडीला ढोलकी आणि एकतारी. जेवणे आटोपल्यावर खेळ सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. ससुई-पुन्हूं, उमर-मारुई अशा कथा तो गाऊन, बोलून आणि नाचून सांगे. मधूनच शाह लतीफ, सचल आणि सामी या सिंधी कवींची कवने, कबीर आणि मीरेची भजने येत. ऐकणारे पैसे ओवाळून टाकत. शेवटी भगत पदर पसरून साऱ्यांसाठी दुवा मागे. या प्रार्थनेला पल्लव म्हणतात. इतके सगळे एका माणसाने पेलायचे म्हणजे गळा, पाठांतर, पदन्यास आणि श्रोत्यांची नाडी ओळखण्याची कला या चारही गोष्टी हव्यात. रिंगणात शिरून त्या येत नाहीत.

भगत कसा घडे, याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे भगत कंवरराम. त्यांचा जन्म 1885 साली सक्कर जिल्ह्यातल्या जरवार गावी झाला. घरची गरिबी होती. आई कोहर, म्हणजे उकडलेले हरभरे, करून देई आणि मुलगा ते गावभर गात विके. संगीताचे पहिले धडे त्यांना हासाराम या अंध गायकाकडून मिळाले. पुढे रहडकी दरबारचे संत सतरामदास यांनी त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना शिष्य केले. तिथली शिकवण म्हणजे सहवास होता. गुरूबरोबर गावोगाव हिंडायचे, मागे उभे राहून साथ करायची आणि त्यातूनच केव्हातरी पुढे यायचे. भगतातून मिळालेले पैसे गरिबांना वाटून टाकायचे, हाही त्याच शिकवणीचा भाग होता आणि कंवररामांनी तो आयुष्यभर पाळला. सक्करच्या मंझिलगाह मशिदीच्या वादाने सिंध पेटले असताना 1 नोव्हेंबर 1939 रोजी रुक रेल्वे स्थानकावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. भारत सरकारने 2010 मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

फाळणी झाली तेव्हा सिंधी हिंदूंपैकी अनेकांना घर सोडावे लागेल असे वाटले नव्हते. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीनंतर लोंढा वाढला. आगबोटींनी मुंबईला उतरलेल्यांतल्या अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत पाठवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या तिथल्या बराकी आता रिकाम्या होत्या. पाच कॅम्पांत मिळून सुमारे एक लाख माणसे राहू लागली. एका बराकीत अनेक कुटुंबे असत आणि दोन घरांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 1960 मध्ये तिथे नगरपालिका आली आणि 1996 मध्ये महानगरपालिका झाली.

या स्थलांतरात नाचणारे आले, पण वाजवणारे मागे राहिले. मंगणहार सिंधमध्येच होते, त्यामुळे छेजेचा मूक शिक्षक सीमेपलीकडेच राहिला. भगताची तर सगळी व्यवस्थाच विस्कटली. दरबार, वार्षिक जत्रा, ज्यांच्या अंगणात रात्रभर खेळ चाले ते जमीनदार आणि व्यापारी, गावोगावचे ठरलेले फेरे, यांतले काहीच जसेच्या तसे उरले नाही. काही भगत भारतात आले आणि गातही राहिले. पण शिष्याने वर्षानुवर्षे मागे उभे राहायचे, तर गुरूपाशी तेवढ्या रात्री हव्यात. छावणीतला तरुण सकाळी लोकलने मुंबईला जाई किंवा बराकीतच बिस्किटे, कपडे, लोणची-पापड यांचा धंदा मांडी. त्याला पहाटेपर्यंत जागणे परवडणारे नव्हते.

छेजेचे तसे झाले नाही, याला एक कारण सणाचे होते. सिंधमध्ये झुलेलाल, म्हणजे उडेरोलाल, हे दर्यापंथी हिंदूंचे दैवत. सर्व सिंधी हिंदूंची ओळख त्या एकाच दैवताभोवती बांधलेली नव्हती. फाळणीनंतर प्रांतच हातचा गेला, तेव्हा विखुरलेल्या समाजाला एकत्र आणणारे काहीतरी हवे होते. मुंबईच्या जयहिंद कॉलेजातले सिंधीचे प्राध्यापक आणि लेखक राम पंजवाणी (1911–1987) यांनी चेटीचंडला ते स्थान मिळवून दिले. मडक्यावर ताल धरून ते स्वतः गात, वस्तीवस्तीत कार्यक्रम करत आणि तरुणांना झुलेलालाची गाणी शिकवत. 1964 मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 1981 मध्ये पद्मश्री. चैत्र शुद्ध द्वितीयेला, गुढीपाडव्याला लागूनच येणारा हा दिवस सिंधी दिन झाला. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला, तोही चेटीचंडचा दिवस होता. मिरवणूक म्हटली की बहराणा आला, म्हणजे कणकेचा दिवा, खडीसाखर आणि फळे ठेवलेले तबक. आणि बहराण्यापुढे छेज आलीच. वर्षाकाठी एक दिवस तरी मुलांना रिंगण दिसणार, एवढी सोय सणाने केली. 16 जुलै ते 24 ऑगस्ट असे चाळीस दिवस चालणाऱ्या चालिहो व्रताने तिला जोड दिली.

समाजाचे नाच खंडित झाल्यावर ते पुन्हा कोण शिकवणार, हा प्रश्न इतरत्रही पडला आहे. अर्जेंटिनाचा टँगो हे त्याचे चांगले उदाहरण. ब्यूनस आयर्समध्ये 1940 च्या दशकापर्यंत मुलगे तो मोहल्ल्यातल्या सराव-मैफलींत शिकत. पुरुषांनी पुरुषांबरोबरच नाचायचे, नवख्याने आधी स्त्रीची पावले करायची आणि हात बसल्याशिवाय नाचघरात जायचे नाही, अशी तिथली शिस्त होती. एल काचाफास (1885–1942) याच्यासारख्या नामांकित नर्तकांच्या अकादमी होत्या, पण सामान्य माणूस मोहल्ल्यातच घडे. 1955 च्या लष्करी उठावानंतर क्लब ओस पडले, नव्या पिढीने रॉक अँड रोल धरला आणि साखळी तुटली. 1983 मध्ये लष्करी राजवट संपली. त्याच वर्षी ‘तांगो आर्हेन्तिनो’ हा रंगमंचीय कार्यक्रम पॅरिसमध्ये आणि 1985 मध्ये ब्रॉडवेवर गाजला, तेव्हा शिकायला येणाऱ्यांची रीघ लागली. मग शिकवण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्यवसायाने गवंडी असलेल्या अंतोनियो तोदारो यांनी रचलेल्या आकृत्या रंगमंचावरच्या जोड्यांनी उचलल्या. गुस्तावो नावेइरा आणि फाबियान सालास यांनी प्रत्येक वळणाची फोड करून नाचाचे व्याकरण मांडले. सुसाना मिलर यांनी गर्दीच्या नाचघरातल्या, छातीला छाती लावून नाचणाऱ्या जुन्या मंडळींची रीत प्रमाण मानली. सराव-मैफलीची जागा वर्गाने घेतली आणि 2009 मध्ये युनेस्कोने टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

उल्हासनगरातली वाट निराळी झाली. छेजेसाठी नामवंत शिक्षक निर्माण झाले नाहीत. शिकवण्याचे काम संस्थांमध्ये वाटले गेले. शाळांचे वार्षिक समारंभ, महाविद्यालयीन युवा महोत्सवांतले लोकनृत्य आणि सिंधी पंचायतींचे कार्यक्रम यांत छेज बसवली जाऊ लागली. बसवलेल्या छेजेत रिंगण उघडते, कारण प्रेक्षक एका बाजूला बसलेले असतात. वेळ काही मिनिटांत बांधली जाते, वेग आधीच ठरतो, पोशाख एकसारखे होतात आणि मुलीही दांडके घेतात. दम संपला म्हणून बाहेर पडण्याची मुभा मात्र तिथे नसते. वाजवणाऱ्याचे हुकूम पाळण्याऐवजी मुले ध्वनिमुद्रित गाण्याच्या मात्रा मोजू लागतात.

मिरवणुकीतल्या छेजेत जुनी रीत जास्त शिल्लक आहे. शरनाई-दुहलाची जागा ढोल-ताशेवाले, बँड आणि ध्वनिक्षेपक यांनी घेतली. वाजवणारे परमुलखातले असले तरी चढती लय त्यांनाही ठाऊक असते, त्यामुळे नाच अडला नाही. जागा अपुरी पडू लागल्यावर आणि धंदे पसरल्यावर सिंधी कुटुंबे रेल्वेमार्गाने पुढे अंबरनाथ, बदलापूरकडे सरकली, आणि चेटीचंडचे रिंगण त्या गावांतही पडू लागले. तिथे आगरी हळदींतले नाच आणि नवरात्रातला दांडिया शेजारीच आहेत. तरुण मुले दोन्हीकडे जातात आणि दांडिया वर्गात शिकलेली पावले छेजेत आणतात. त्यामुळे दोन नाचांमधली सीमा पुसट होत चालली आहे.

भगत आज क्वचित दिसतो. कंवररामांची पुण्यतिथी, साहित्य अकादम्यांचे महोत्सव आणि सत्संगांतली गाणी यांत त्याचे अंश उरले आहेत. रात्रभराचा खेळ जवळपास थांबला. ज्या नाचाचे सारे ज्ञान एका माणसात साठवले जाते, त्याला स्थलांतर जड जाते, कारण शिष्य तयार होण्याआधी गुरू गेला की बरोबर सगळेच जाते. छेजेचे ज्ञान तेवढे खोल नव्हते, पण ते रिंगणातल्या प्रत्येकात थोडे थोडे वाटलेले होते. दहा-वीस जण जमले आणि कोणी ढोल धरला की ते पुरे पडे. म्हणूनच पाच कॅम्पांत विखुरलेल्या लोकांना ते पुन्हा जुळवता आले.