मृत्युपत्र व ज्येष्ठांचे विधिसंरक्षण (त्र्यंबकेश्वर तालुका)

आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी याविषयीचा हयातीत केलेला लेखी निर्णय म्हणजे मृत्युपत्र. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये त्यावर कर्त्याची सही वा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी मात्र ऐच्छिक होय. मृत्युपत्र हयातीत केव्हाही फिरविता येते, तर बक्षीसपत्राने मिळकत तत्काळ हातची जाते, आणि वृद्धांची फसगत बहुधा तेथेच होते. म्हणूनच २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम २३ ने, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळविण्याची वाट साठी उलटलेल्यांना मोकळी केली आहे. दाद उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे मागावयाची असते. सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहिणे हेच शहाणपणाचे.

महादेव कोळी, ठाकर, कोकणा आदी आदिवासींची वस्ती असलेल्या या तालुक्यात दोन विशेष ध्यानी घ्यावे लागतात : हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अनुसूचित जमातींना सामान्यतः लागू नाही, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीविना बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही.

त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त तीर्थावर येणाऱ्या यात्रेकरूंची नावे, गावे व नाती पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत उतरलेली आहेत. वारसाच्या तंट्यात नाते शाबीत करण्यास अशा नोंदी साहाय्यभूत ठरू शकतात. मालकी मात्र त्यांनी सिद्ध होत नाही. त्यासाठी सातबारा, फेरफार व दस्त वेळीच दुरुस्त ठेवणे हे वार्धक्यातील स्वाभिमानाचे पहिले रक्षण होय.