एक नाव, दोन कप्पे: लिस्पच्या घरातील जुना वाद

१/ ‘कर भर’ आणि ‘काम कर’. पहिल्या वाक्यात ‘कर’ हे नाम, दुसऱ्यात क्रियापद. अर्थ ठरतो तो जागेवरून. लिस्प या संगणकभाषेतही एकच चिन्ह एके ठिकाणी व्हेरिएबल, तर दुसऱ्या ठिकाणी फंक्शन असू शकते. हा दुहेरीपणा आला कोठून? #धागा

२/ जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम आरंभले. १९६२ च्या ‘लिस्प १.५’ पुस्तिकेत प्रत्येक चिन्हाला गुणधर्मांची यादी जोडलेली दिसते: स्थिर मूल्य ‘एपीव्हॅल’ या खुणेखाली; फंक्शन ‘एक्स्प्र’ किंवा ‘सबर’ या खुणांखाली. वेगळे कप्पे पडले ते असे, साठवणीच्या सोयीतून.

३/ नियम सोपा होता. कंसातील पहिली जागा फंक्शनची, पुढच्या जागा मूल्यांच्या. म्हणून ‘लिस्ट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये यादी ठेवली, तरी त्याच नावाचे फंक्शन निर्वेधपणे चालते.

४/ १९७५ मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ घडवली आणि हे कप्पे एक केले. फंक्शन हेही एक मूल्यच, मग त्याला वेगळी वागणूक कशाला? मात्र येथे ‘लिस्ट’ला यादी दिली, की त्या परिसरात मूळ फंक्शन झाकले जाते.

५/ त्याच स्टील यांच्या १९८४ च्या ग्रंथातून ‘कॉमन लिस्प’ लोकांसमोर आली. तीत मात्र दोन कप्पे कायम राहिले!

६/ १९८८ मध्ये रिचर्ड गॅब्रिएल आणि केंट पिटमन यांनी दोन्ही पक्षांची चिकित्सा केली. एक कप्पा सुटसुटीत खरा. पण मॅक्रोंमध्ये नावांची टक्कर वाढते आणि जुने प्रोग्रॅम मोडतात. ‘लिस्प-१’ व ‘लिस्प-२’ ही नावे त्याच चर्चेतली.

७/ चूक शोधताना हा इतिहास उपयोगी पडतो. ईमॅक्सची लिस्प दोन निरनिराळ्या तक्रारी करते: ‘चिन्हाचे व्हेरिएबल म्हणून मूल्य रिक्त’ किंवा ‘चिन्हाची फंक्शन-व्याख्या रिक्त’. पहिली दिसली, तर नाव मूल्याच्या जागी पडले आहे. कदाचित फंक्शन पुढे सोपवताना अवतरणचिन्ह राहिले असेल. दुसरी दिसली, तर एखादा कंस जास्त पडून साधे मूल्य पहिल्या जागी गेले असेल, किंवा व्याख्येची फाइलच चढवलेली नसेल.

८/ तेव्हा ‘हे नाव तर मी दिले होते!’ असे म्हणण्याआधी विचारावे: कोणत्या कप्प्यात?