सर्पगंधा आणि रक्तदाब : एका औषधाच्या इतिहासाचा विचार

उच्च रक्तदाब हा विकार बहुधा लक्षणांवाचून वाढतो. त्यामुळे त्याचा इतिहास जितका औषधांचा, तितकाच मापनाचाही होय. १८९६ साली रिव्हा-रोची यांनी दंडास बांधावयाचे दाबमापक प्रसिद्ध केले आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह यांनी रोहिणीतील ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब मोजण्याची रीत दाखविली. औषधाचा गुण अंकांत पडताळून पाहणे तेव्हापासून सुलभ झाले.

सर्पगंधेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा परिणाम नोंदविला. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे फारसे गेले नाही. १९४९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली, तेव्हा चित्र पालटले. १९५२ साली बाझेल येथील सीबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळे केले. १९५७ साली वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले.

वनस्पती वकिलांनी शोधून काढली नव्हती. परंपरेने सांगितलेला गुण मोजून, नोंदवून इतरांस पडताळता येईल अशा रूपात त्यांनी मांडला, यातच त्यांचे श्रेय आहे. याच कसोटीने पुढे औषधाचे दोषही उघड झाले. काही रुग्णांत, विशेषतः मोठ्या मात्रेने, तीव्र विषण्णता आढळली. १९५८ नंतर क्लोरोथायझाइड व त्यापुढील औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. औषध वनस्पतिजन्य आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, हा निष्कर्ष येथे अटळ आहे.

आज औषधांची वाण नाही. वाण आहे ती मापनाची व सातत्याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा, तर सुमारे २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला अथवा औषधाने आवरलेला आढळला. काहीच दुखत नसता कामाचा दिवस मोडून दाब मोजावयास जाणे कष्टकरी पुरुषास अनावश्यक वाटते. बरे वाटू लागताच गोळी सुटते. २०१७ साली आरंभलेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात यवतमाळलगतचा वर्धा जिल्हा प्रारंभीच समाविष्ट झाला. ठराविक औषधक्रम, नियमित मापन व रुग्णाची नोंद ही त्याची अंगे होत. नेरसारख्या तालुक्याच्या गावी पक्षाघात टळणे हे नव्या औषधापेक्षा याच साध्या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे. वकिलांच्या निबंधाचे आजचे मोल तेच होय.