इंग्रजी भूतकाळी रूपांचा इतिहास : ‘अनियमित’ या संज्ञेची तपासणी

शालेय व्याकरणात इंग्रजी क्रियापदांची नियमित व अनियमित अशी विभागणी केली जाते. ‘एड’ प्रत्यय घेणारी नियमित, उर्वरित पाठ करावयाची. अध्यापनाच्या सोयीची ही विभागणी इतिहासाच्या दृष्टीने मात्र दिशाभूल करणारी आहे. आज अनियमित मानली जाणारी अनेक रूपे एका जुन्या, काटेकोर नियमाचे अवशेष आहेत.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८१९ मध्ये क्रियापदांसाठी ‘सबल’ व ‘दुर्बल’ या संज्ञा योजल्या. सबल क्रियापदे धातूतील स्वर बदलून भूतकाळ सिद्ध करीत. प्राचीन इंग्रजीत त्यांचे सात वर्ग होते. या स्वरबदलाचे संस्कृतातील गुण-वृद्धीशी मूळ नाते आहे. दुर्बल क्रियापदांना ‘त’ किंवा ‘द’ ध्वनीचा प्रत्यय लागे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या जवळजवळ सर्व क्रियापदांनी हाच प्रत्यय स्वीकारला आणि जुना नियम अल्पसंख्य झाला. ‘हेल्प’चे ‘होल्प’ हे रूप मागे पडून ‘हेल्प्ड’ रूढ झाले. तरी १६११ च्या बायबल भाषांतरात ‘होल्पन’ हे कृदन्त आढळते.

‘नेचर’ नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला आहे. त्यांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ व आधुनिक इंग्रजीत ९८ अनियमित राहिली. वापर जितका विरळ, तितके नियमितीकरण जलद, असा त्याचा निष्कर्ष आहे. निष्कर्ष ग्राह्य आहे; परंतु मोजणीचा आरंभच अनियमितांपासून असल्याने उलटा प्रवास तिच्यात दिसू शकत नाही. ‘वेअर’ हे क्रियापद मुळात दुर्बल होते, ते ‘वोअर’ झाले. ‘डिग्ड’ची जागा ‘डग’ने घेतली. ‘गो’चा प्रकार तर निराळाच. त्याचे जुने भूतरूप लोपले व ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचे ‘वेंट’ त्याला चिकटले. मराठी वाचकास यात नवल वाटू नये, कारण ‘जाणे’ हे ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गत’पासून.

प्रमाणरूपे ठरविण्यात व्याकरणकारांचाही हात होता. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात कृदन्ताच्या जागी भूतरूप वापरण्यास दोष दिला आणि त्यासाठी मिल्टन व पोप यांनाही सोडले नाही. म्हणजे तत्कालीन शिष्ट लेखनातही ही रूपे स्थिर नव्हती.

‘होल्प’चे ‘हेल्प्ड’ करणारे इंग्रज भाषक आणि ‘ड्राइव्ह’चे ‘ड्राइव्ह्ड’ लिहिणारा ग्रामीण महाराष्ट्रातील विद्यार्थी यांची मानसिक क्रिया एकच आहे. पहिल्यांचे रूप शब्दकोशात गेले. दुसऱ्याचे गुण कापले जातात. दरम्यान अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘स्नीक्ड’च्या जोडीला आलेले ‘स्नक’ हे अनियमित रूप आज तेथील कोशांत नोंदलेले आहे.