क्रमांकाचे गाव

भगतसिंगांचे जन्मगाव चरित्रांत ‘बंगा, जिल्हा लायलपूर’ असे येते. सरकारी दप्तरात मात्र ते ‘चक १०५ जी. बी.’ होते. जी. बी. म्हणजे गुगेरा ब्रँच, कालव्याची एक शाखा. आपल्याकडे इंग्रजांनी शेतांना सर्व्हे नंबर दिले. तिथे गावालाच नंबर पडला, कारण गावाच्या आधी कालवा आला होता.

चिनाब आणि रावी या नद्यांमधला हा कोरडा, उंचवट्याचा प्रदेश म्हणजे सांदल बार. जंड, करीर, पिलू यांची रखरखीत झाडी आणि तीत गुरे, उंट चारणारे पशुपालक. १८९२ मध्ये लोअर चिनाब कालवा सुरू झाला आणि जालंदर, अमृतसर, होशियारपूर अशा दाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणून वसवले गेले. कागदोपत्री ही पडीक सरकारी जमीन. ज्यांची ती कुरणे होती, त्यांच्यापैकी काहींना जमिनी मिळाल्या. पण नव्या वसाहतकारांच्या तोंडी ते सगळेच ‘जांगली’ झाले. पंजाबच्या समृद्धीची कथा सांगताना हे पान फार घाईने उलटले जाते.

नवे गाव आधी नकाशावर आखले जाई. ११०० फूट बाजूचा चौरस म्हणजे एक मुरब्बा, सुमारे २८ एकरांचा. त्याचे पंचवीस किल्ले. (मराठी वाचकाने तटबुरूज शोधू नयेत, हा किल्ला म्हणजे हद्दीचा खुंट.) बांध सरळ, रस्ते सरळ, पाटही सरळ. मोघा म्हणजे कालव्याचे ठरावीक मापाचे तोंड; त्यातून येणारे पाणी वारबंदीने वाटले जाई. आठवड्याचे १६८ तास आणि जमिनीच्या प्रमाणात ज्याची त्याची पाळी. ती मध्यरात्री आली तर पोह-माघाच्या थंडीतही फावडे घेऊन निघायचे. पाळी हुकली की गहू आठवडाभर तहानलेला.

एवढे राबूनही वसाहतकार सुरुवातीला सरकारचे कूळच होता. १९०६ च्या वसाहत विधेयकाने वारसाहक्क आवळला आणि नव्या अटी जुन्या वसाहतकारांवरही लादल्या. लायलपूरच्या सभेत बांके दयाळ यांचे ‘पगडी संभाल जट्टा’ घुमले. मे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि भगतसिंगांचे काका अजितसिंग यांना मंडालेला धाडले गेले. लोकमान्य तिथे पोहोचले ते त्याच्या पुढच्या वर्षी. पण त्याच मे महिन्यात व्हाइसरॉय मिंटो यांनी विधेयकाला संमती नाकारली. सप्टेंबरात चक १०५ मध्ये भगतसिंग जन्मले.

या चकांतल्या शीख-हिंदू शेतकऱ्यांना १९४७ मध्ये सारे सोडून पूर्व पंजाबात यावे लागले. सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर, वाटायला उपलब्ध सुमारे ४७ लाख. तरलोकसिंग यांनी त्यासाठी ‘प्रमाण एकर’ ठरवला: जमिनीचे मोल क्षेत्रफळावर नव्हे, उत्पन्नावर. शिवाय मोठ्या दाव्यांना मोठी कात्री. दावे खरे की खोटे हे पडताळायला एकेका गावचे निर्वासित एकत्र बसवले जात, आणि कोणाचे किती किल्ले होते हे सांगायला त्याचेच जुने शेजारी उभे राहत.