कायद्याला खुले दार : 'ऑस्टली'ची वाटचाल

संरक्षक जाळी नसलेल्या यंत्रावर काम करायला नकार देण्याचा हक्क कोणत्या कलमात आहे, हे १९९०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या कामगाराला पाहायचे असेल, तर छापील प्रत विकत घेणे किंवा मोठे ग्रंथालय गाठणे एवढेच मार्ग होते. संगणकावर कायदा आला होता, पण तो शुल्क भरणाऱ्यांसाठी. त्यात प्रत्येक राज्याचा सुरक्षा कायदा निराळा. न्यू साउथ वेल्सचा १९८३चा, व्हिक्टोरियाचा १९८५चा.

१९९५ साली सिडनीतील युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आणि युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्स यांच्या विधी विद्याशाखांनी मिळून ऑस्ट्रेलेशियन लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट, म्हणजेच 'ऑस्टली', उभी केली. ग्रॅहम ग्रीनलीफ आणि अँड्र्यू मोब्रे हे तिचे संस्थापक. फिलिप चुंग यांनीही पुढे ही धुरा वाहिली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९९२मध्ये असाच प्रयोग सुरू केला होता. मात्र एका देशाचे सगळे कायदे आणि निवाडे विनामूल्य मांडायचे, हा संकल्प त्याहून मोठा होता.

माणसे थोडी आणि मजकूर डोंगराएवढा. हाताने दुवे जोडत बसणे अशक्यच होते. म्हणून मोब्रे यांनी 'सिनो' हा शोधयंत्रणेचा प्रोग्राम लिहिला, आणि प्रत्येक कलम व्याख्यांशी आपोआप जोडणारी व्यवस्थाही संस्थेने घडवली. सुरक्षा कायद्यात याचे मोल फार. 'कामगार' या शब्दावर टिचकी मारली की व्याख्या उघडते, आणि उपठेकेदाराचा माणूस, शिकाऊ, स्वयंसेवक हे सारे तिच्यात बसतात, हे तिथल्या तिथे कळते.

पैशाची ओढाताण मात्र कायमची. वाचकाकडून काही घ्यायचे नाही, हे ठरलेलेच. संशोधन परिषदेची अनुदाने, विद्यापीठे, वकिलांच्या संस्था आणि साध्या वापरकर्त्यांच्या देणग्या यांवर गाडा चालला. तरीही हे काम देशाबाहेर पोचले. ब्रिटनमधल्या अशाच संस्थेने २०००मध्ये ऑस्टलीचीच यंत्रणा वापरली. २००२मध्ये माँट्रियल येथे मुक्त कायदा-प्रवेशाचा जाहीरनामा झाला. २०११मध्ये भारताचे कायदेही ऑस्टलीच्या साह्याने अशाच रीतीने खुले झाले.

निवाडे खुले असल्याने काय साधते, हे २०१०च्या कर्क खटल्यात दिसले. शेतावर वाहन उलटून व्यवस्थापक दगावला होता. शेतमालकाची शिक्षा उच्चतम न्यायालयाने रद्द केली. कोणती खबरदारी घ्यायला हवी होती, हे आरोपात सांगितलेलेच नव्हते. हा निकाल वाचायला कुणालाही पैसे मोजावे लागले नाहीत.

राज्याराज्यांतला फरकही पुढे कमी झाला. १ जानेवारी २०१२पासून केंद्र आणि काही राज्यांत समान नमुन्याचा सुरक्षा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ८४मध्ये धोक्याचे काम थांबवण्याचा हक्क आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा तसाच कायदा ३१ मार्च २०२२ रोजी अमलात आला. व्हिक्टोरियाने स्वतःचा २००४चा अधिनियम राखला. नियमावलीत उल्लेखलेली अनेक तांत्रिक मानके अजूनही विक्रीची वस्तू आहेत. कायद्याची कलमे मात्र आज खाणीवरच्या तंबूतून फोनवरही उघडतात.