फोटोतला माणूस

मागच्या हिवाळ्यात आम्ही आमच्या उर्दू शाळेतील मुलांची सहल बोदलकसा तलावावर नेली होती. मुलांचा एकत्र फोटो काढत असताना मोळ्या घेऊन चाललेले एक गोंड कुटुंब कौतुकाने शेजारी थांबले. आमचा एक विद्यार्थी पटकन म्हणाला, "सर, अपने फोटो में ये जंगली लोग नहीं होना." आम्ही काही बोललो नाही. ते कुटुंब निघून गेले.

त्या रात्री आम्हाला सर सय्यद अहमद खान यांचे १८६९ चे लंडनचे पत्र आठवले. 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला. हिंदुस्थानच्या जातीजमातींचे फोटो आणि प्रत्येकीच्या स्वभावाचे वर्णन त्यात होते. इंडिया ऑफिसात सर सय्यद यांचे पुत्र महमूद तो चाळत असताना एका तरुण इंग्रजाने विचारले, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद ओशाळले. हो म्हणाले, पण लगेच पुस्ती जोडली की आपण मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज परमुलखातून आलेले. या ग्रंथामुळे इंग्रज आपल्याला काय समजतील, ही सर सय्यद यांची चिंता खरी होती. पण मुलाच्या उत्तरात आमच्या विद्यार्थ्याचेच वाक्य नव्हते काय?

ज्या नजरेने हा ग्रंथ घडवला, तीच पुढे कायदा झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांवरचा संशय गेलेला नाही. पॅरिसच्या पोलीस खात्यात बर्तिलाँ यांनी १८८० च्या दशकात समोरून एक आणि बाजूने एक अशी फोटोची पद्धत बसवली. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, पण पद्धतीला नाव मिळाले हेन्रीसाहेबांचे.

१९२० च्या कायद्याने कैद्यांचे फोटो व मापे घेण्याचा अधिकार दिला. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्यात डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद असून ती ७५ वर्षे ठेवता येते.

आपल्याकडे कुणी संशयाने पाहिले की आपल्याला वेदना होतात, आणि त्या रास्तच आहेत. पण आपणही कुणाला फोटोबाहेर काढतो, त्याचे काय? पुढच्या सहलीला आम्ही पुन्हा बोदलकसालाच जाणार आहोत. या वेळी गप्प राहणार नाही.